कॅलरी मोजायच्या ठरवल्यात? मग आधी तेलाची बाटली काट्यावर ठेवा

वजन कमी करायला कॅलरी मोजायला घेतलेली बहुतेक मंडळी पहिल्या दिवशी ॲप टाकतात, त्यात दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, थोडा भात असं भरतात, ॲप म्हणतं साडेचारशे-पाचशे, झालं, खूश. मग महिनाभर "मी तर बाराशे-तेराशेच खातेय तरी काटा हलत नाही, माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे" असं म्हणून सगळं सोडून मोकळे. अमेरिकेत १९९२ साली नेमक्या अशाच लोकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, आम्ही बाराशेच्या आतच खातो तरी उतरत नाही म्हणणाऱ्यांवर. त्यांचं मेटाबॉलिझम व्यवस्थित निघालं, फक्त खाल्लेल्यातलं सरासरी ४७ टक्के सांगण्यातून सुटत होतं. खोटं बोलत होते असं नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आपल्या घरात हे सुटतं कुठे तर फोडणीत, दाण्याच्या कुटात, खोबऱ्यात, चहात आणि ओट्याशी उभं राहून तोंडात टाकलेल्या गोष्टींत. भाजी किती खाल्ली, काकडी शंभर ग्रॅम की दीडशे, याने शष्प फरक पडत नाही. म्हणून हा लेख, नवीन लोकांसाठी, मराठी स्वयंपाकघर धरून. काय काटेकोर मोजायचं आणि काय अंदाजे चालवून घ्यायचं हे एकदा कळलं की काम निम्म्याने कमी होतं.

आधी हे वाचा

गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, वय अठराच्या आत असेल, किडनीचा त्रास असेल किंवा डायबिटीससाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खाणं कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि ज्यांना आधी कधी खाण्याबद्दलचा मानसिक त्रास झालाय, म्हणजे उपाशी राहणं, खाऊन उलट्या काढणं वगैरे, त्यांनी आकड्यांच्या नादी लागू नये, खरंच नको, दुसरे मार्ग आहेत. बाकीच्यांनीही थायरॉइड, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२ आणि डी३ ही व्हिटॅमिन्स एकदा तपासून घेतलेलं बरं, म्हणजे नंतर तीन महिन्यांनी "थायरॉइड असेल का" हा प्रश्न उरत नाही.

आपल्याकडे बीएमआयची (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागून येतो तो आकडा) रेघ पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात, २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर स्थूल. पोटाचा घेर बायकांचा ८० सेंटिमीटर आणि पुरुषांचा ९० च्या वर नको. घेराची टेप घरात असतेच, आजच मोजून लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

स्टेप १: सामान

एक किचनचा डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंत तोलणारा. पाचशे-सहाशे रुपयांत चांगला येतो. त्यावर टेअरचं बटण असतं, म्हणजे भांडं ठेवून बटण दाबलं की शून्य होतं आणि पुढे जे घालाल तेवढ्याचंच वजन दिसतं. बास, हेच बटण सगळं काम करतं. दुसरं, वजनाचा साधा डिजिटल काटा. तिसरं ॲप, मायफिटनेसपाल, हेल्थीफाय, क्रोनोमीटर, कुठलंही चालेल, ॲप नको असेल तर वहीत किंवा एक्सेलमध्ये करा, काही बिघडत नाही.

काटा ओट्यावरच ठेवायचा, कपाटात नाही. कपाटात गेला की संपलं. आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी तो बघून म्हणाल्या, "सोनं तोलणारेस का इथे?" म्हटलं, आई, तेल तोलणारे. तर त्या हसत सुटल्या, म्हणे तेल काय कोणी तोलतं का, तेल हाताला कळतं.

ॲपमधल्या तयार पदार्थांच्या नोंदी म्हणजे "भरली वांगी एक वाटी", "मिसळ एक प्लेट" वगैरे, यांच्यावर विसंबू नका. बऱ्याच नोंदी लोकांनीच भरलेल्या असतात, कुणाची वाटी केवढी, तेल किती, काही पत्ता नसतो. कच्च्या जिनसांच्या नोंदी मात्र भरवशाच्या मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते काढलेत, शंका आली की त्यात बघा, फक्त त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, ४.१८४ ने भागलं की आपल्या ओळखीच्या कॅलरी येतात.

स्टेप २: पहिला आठवडा काहीच बदलू नका

हे कुणी ऐकत नाही पण ऐका. पहिला आठवडा नेहमीसारखं खा आणि फक्त मोजून लिहा. रविवारचं मटण पण लिहा, ऑफिसमधला वाढदिवसाचा केकही लिहा. डाएट चालू केलं की माणूस आपोआप शहाण्यासारखं खायला लागतो आणि मग खरं चित्र कधीच दिसत नाही. आठवड्याच्या शेवटी सातही दिवसांची बेरीज करून सातने भागा, तो तुमचा खरा आकडा. बहुतेकांना याच आठवड्यात कळतं की जेवणात काही विशेष नाही, जेवणांच्या मध्ये जे चाललंय तेच भारी आहे.

स्टेप ३: आपला आकडा काढा

मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं सूत्र आहे, १९९० चं, अजूनही तेच वापरतात. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. येईल त्यात पुरुषांनी ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे.

समजा ३८ वर्षांची बाई, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७२. ७२० अधिक १००० वजा १९० वजा १६१, म्हणजे १३६९. एवढं शरीर नुसतं पडून राहायला खर्च करतं. बैठं काम असेल तर याला १.२ ने गुणा, आले १६४३. थोडंफार हलकं चालणं-व्यायाम असेल तर १.३७५ ने गुणतात, पण मी सांगते, सगळ्यांनी १.२ नेच सुरू करा, आपण स्वतःला फार ॲक्टिव्ह समजतो. आता यातून ३०० वजा करा, साधारण १३५० झाले, हे टार्गेट.

३०० च का, हजार का नाही? एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज ३०० कमी म्हणजे महिन्याला ९०००, म्हणजे किलो-सव्वा किलो. ऐकायला कमी वाटतं, पण आठवड्यात पाच किलोच्या जाहिराती बघून आपली नजर बिघडलीय. बायकांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये, केस गळणं, चिडचिड, बद्धकोष्ठता, सगळं मागे लागतं आणि रात्री अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडला जातो तो वेगळाच.

सूत्र म्हणजे अंदाज हां, दहा टक्के इकडे तिकडे सहज असू शकतं. खरा आकडा तीन-चार आठवड्यांनी तुमचं वजनच सांगेल.

स्टेप ४: तेल

इथे जरा वेळ घालवू, कारण सगळा खेळ इथेच आहे. एका ग्रॅम कार्बला ४ कॅलरी, प्रोटीनला ४ आणि फॅटला ९. तेल म्हणजे शंभर टक्के फॅट, मग ते शेंगदाण्याचं असो, करडईचं असो, ऑलिव्ह असो नाहीतर घाण्याचं असो. घाण्याचं तेल चवीला छान असतं, मीही वापरते, पण कॅलरी त्याच. साजूक तुपाचंही तेच. चहाच्या चमच्याने एक चमचा तेल म्हणजे ४० कॅलरी, मोठा चमचा म्हणजे १२०. आता आपल्याकडे तेल चमच्याने कोण घालतं, पळीने घालतात, आणि प्रत्येक घरची पळी वेगळी.

मोजायची सोपी पद्धत सांगते. तेलाची बाटली किंवा तेलाचं भांडं काट्यावर ठेवा, टेअर दाबा, शून्य झालं. आता बाटली उचला, नेहमीसारखं कढईत तेल ओता, बाटली परत काट्यावर ठेवा. काटा उणे २२ दाखवेल, उणे ३० दाखवेल, तेवढे ग्रॅम तेल गेलं. चमचा भरायला नको, चमचा धुवायला नको. तूप, लोणी, पीनट बटर, सगळ्याला हीच ट्रिक. आमच्याकडे हे चालू झाल्यावर महिन्याभरात आईच आतून ओरडून सांगायला लागल्या, "अठरा घातलंय गं, लिही." हाताला कळणारं तेल साधारण पस्तीस-चाळीस निघत होतं, हे त्यांनीच बघितलं, मला काही बोलावं लागलं नाही. आणि अठरामध्येही भाजी होते, फोडणी मंद आचेवर करायची आणि कांदा लागायला लागला की पाण्याचा हबका मारायचा.

रोज मोजणं जमत नसेल तर महिन्याचा हिशोब करा. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम, पिशवीवर छापलेलंच असतं. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागत असेल तर ४५५० ग्रॅम, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस, माणशी रोज ३८ ग्रॅम. म्हणजे ३४० कॅलरी, नुसत्या पिशवीतल्या तेलाच्या. तूप, लोणी, दाणे, खोबरं, बाहेरचं खाणं वेगळंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरीच्या ताटात दिवसाला सगळं मिळून २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. बघा आता आपलं कुठे बसतंय ते.

स्टेप ५: घरच्या भाजीचा हिशोब

नवीन लोक इथे अडकतात. भाजी सगळ्यांसाठी एकत्र होते, मग माझ्या वाटीत किती आलं कसं कळणार? कळतं. कढईत जाणारी प्रत्येक कॅलरीवाली वस्तू तोलून लिहायची (हळद-तिखट-मोहरी सोडून द्या), शेवटी तयार भाजीचं एकूण वजन घ्यायचं, मग आपल्या वाटीचं वजन. त्यासाठी एक काम एकदाच करून ठेवा, घरातल्या सगळ्या कढया-पातेली रिकामी तोलून त्यांची वजनं एका कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर चिकटवा.

भरल्या वांग्याचंच घेऊ, चार जणांसाठी. वांगी अर्धा किलो, त्याच्या १२५ कॅलरी. दाण्याचं कूट ६० ग्रॅम, ३४०. सुकं खोबरं २० ग्रॅम, १३०. तीळ १० ग्रॅम, साधारण ५७. कांदा १०० ग्रॅम, ४५. गूळ १० ग्रॅम, ३८. तेल ४५ ग्रॅम, ४०५. बेरीज ११४०. रस्सा ठेवून तयार भाजी साधारण ९५० ग्रॅम भरली, म्हणजे ग्रॅमला १.२ कॅलरी. तुमच्या वाटीत १५० ग्रॅम आली तर १८०.

आता परत ती यादी बघा. ११४० मधले वांग्याचे फक्त १२५, आणि तेल-कूट-खोबरं-तीळ मिळून ९३० च्या वर. वांगी अर्धा किलोऐवजी पाऊण किलो घेतली असती तर साठेक कॅलरी वाढल्या असत्या आणि भाजी मात्र जास्त झाली असती, प्रत्येकाच्या वाट्याला एक वांगं जास्त. कूट ६० चं ३५ केलं, तेल ४५ चं २५ केलं तर ३२० कॅलरी गेल्या, चव थोडी बदलते हे कबूल, पण खाता येत नाही अशी अजिबात होत नाही. हेच डोक्यात ठेवून घरातल्या चार-पाच नेहमीच्या भाज्या एकदा मोजल्यात ना, की ॲपमध्ये रेसिपी म्हणून सेव्ह करा, परत परत करायची गरज नाही. पालेभाजी, दुधी, कोबी, फरसबी यांच्यात तर तेल आणि खोबरं सोडून काही मोजूच नका.

स्टेप ६: पोळी आणि भात, कच्चं की शिजलेलं

१०० ग्रॅम कच्चे तांदूळ म्हणजे ३५० कॅलरी. तेच शिजले की पाणी पिऊन २८०-३०० ग्रॅम होतात, कॅलरी तेवढ्याच. म्हणजे शिजलेला भात १०० ग्रॅमला १२० च्या आसपास. आता कुणी ताटातला १५० ग्रॅम भात तोलून ॲपमध्ये "राईस" शोधून कच्च्या तांदळाची नोंद निवडली तर १८० च्या जागी ५२५ लागतात आणि तो माणूस भात कायमचा सोडतो. उलटं झालं, म्हणजे कच्चा तोलून शिजलेल्याची नोंद निवडली, तर मोजून खाऊनही वजन का उतरत नाही कळत नाही. डाळी, कडधान्यं, चिकन, पास्ता, सगळ्यांना हेच लागू. नोंद निवडताना कच्चं का शिजलेलं हे बघूनच पुढे जा.

पोळीचं सोपं आहे. भिजवलेल्या कणकेचा गोळा तोला. पाणी पिठाच्या साधारण साठ टक्के धरलं तर ५० ग्रॅमच्या गोळ्यात ३१ ग्रॅम पीठ, म्हणजे १०५ कॅलरी. फुलका असेल तर विषय संपला. घडीची पोळी असेल तर आतलं तेल, वरचं तेल, कणकेतलं मोहन धरून ३० कॅलरी वाढवा. पोळ्यांना मावशी येत असतील तर तीन-चार पोळ्या तोलून सरासरी काढा, मावशींच्या पोळ्या एकसारख्या असतात, मशीनसुद्धा लाजेल.

ज्वारीची भाकरी "हलकी" म्हणून चार खाणारे लोक आहेत. एका मध्यम भाकरीत ७०-८० ग्रॅम पीठ जातं, २४०-२७० कॅलरी. म्हणजे एक भाकरी जवळपास दोन घडीच्या पोळ्या. तेल नसतं, पोट भरलेलं राहतं, म्हणून भाकरी चांगलीच, पण मोजायची.

स्टेप ७: चहा आणि तोंडात टाकलेलं

फुल क्रीम दूध ६ टक्के फॅटचं असतं, १०० मिलीला ८७ च्या आसपास. टोन्ड ३ टक्के, ५८. एका कपात ६० मिली फुल क्रीम आणि दोन चमचे साखर म्हणजे ९०. दिवसात चार कप झाले की ३६०, एका जेवणाएवढे, आणि कुणाच्या डायरीत हे नसतं. साखर एकदम बंद करू नका, दोनाची दीड, दीडाची एक, असं करत या.

चिवड्याची एक मूठ २५-३० ग्रॅम, १३० कॅलरी. "डाएट चिवडा", "रोस्टेड", "मल्टिग्रेन" लिहिलेल्या पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, मागे १०० ग्रॅमला किती ते बघा, आणि पाकीट किती ग्रॅमचं ते बघा. पर सर्व्ह म्हणून २० ग्रॅमचा आकडा दिलेला असतो, २० ग्रॅम चिवडा खाऊन पाकीट बंद करणारा माणूस मी अजून बघितला नाही. मुलांच्या ताटात उरलेलं खाणाऱ्या आया, तुमचंही लिहा.

दारूला ग्रॅममागे ७ कॅलरी. ६० मिली व्हिस्कीच्या साधारण १४०, आणि बरोबरच्या चकण्याच्या त्याहून जास्त.

स्टेप ८: प्रोटीन

नुसत्या कॅलरी कमी केल्या आणि प्रोटीन तसंच राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि भूक भयंकर लागते. सरकारी शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, पण वजन उतरवताना १.२ पर्यंत तरी न्या. ७० किलोला ८४ ग्रॅम. शाकाहारी घरात हे अवघड जातं, कारण आपल्याला वाटतं वरण म्हणजे प्रोटीन. आमटीच्या एका वाटीत कोरडी डाळ २५-३० ग्रॅम असते, त्यातून सहा ग्रॅम मिळतं. उसळ घट्ट करा, दही वाढवा, पनीर, अंडी चालत असतील तर अंडी, सोया चंक्स तर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम देतात, कूर्मा करा नाहीतर पुलावात टाका. मासे खाणाऱ्यांची मजा आहे, फक्त तळलेल्या सुरमईऐवजी कधी कालवण करा.

आणि दाणे म्हणजे प्रोटीन हे डोक्यातून काढा. दाण्यांत प्रोटीन आहे, पण त्याच्या दुपटीने फॅट आहे. १०० कॅलरीचे दाणे खाल्ले तर साडेचार ग्रॅम प्रोटीन, १०० कॅलरीच्या अंड्यांतून नऊच्या आसपास. कूट हे आपल्याकडे मसाला असल्यासारखं घालतात, काकडीची कोशिंबीर घ्या, काकडी बिचारी निमित्ताला.

स्टेप ९: उपास, सण, बाहेर

उपासाच्या दिवशी वजन उतरतं हा फार गोड समज आहे. खिचडीची एक भरलेली प्लेट, ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, १० ग्रॅम तूप, थोडा बटाटा, साडेपाचशेच्या वर. आणि पोटात दोन तासांत परत खड्डा. उपास करायचाच असेल तर वरई-दाण्याची आमटी (दाणे मोजून), ताक, फळं, रताळं यावर करा. वेफर्सचं पाकीट उपासाला चालतं हा शोध कुणी लावला माहीत नाही.

मिसळ खायची तर खा, सहाशे-सातशे धरा, तर्री वेगळी मागवा आणि फरसाण अर्धं. वडापाव तीनशेच्या आसपास, वड्याच्या आकारावर आहे. उकडीचा मोदक पिठी, खोबरं, गूळ धरून दोनशेपर्यंत जातो, वरचं तूप वेगळं. गणपतीत दोन मोदक मोजून, चवीने, बसून खा आणि त्या दिवशी भात सोडा, यात काय कठीण आहे? लग्नात पंगतीत काटा काढून बसायची गरज नाही, परत आल्यावर अंदाजे हजार लिहा आणि पुढचा दिवस नेहमीसारखा. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून वसुली करायची नाही, त्याने तिसऱ्या दिवशी दुप्पट खाल्लं जातं. हॉटेलच्या भाजीला तुमच्या घरच्या भाजीपेक्षा निदान तीस-चाळीस टक्के जास्त धरा, वर तवंग दिसतोच आहे.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसात दोनदाच जेवायचं की ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने खायचं, या वादात मी पडत नाही. दोनदाच जेवून प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवणं जमतंय, तब्येतीला झेपतंय, करा. थोडं थोडं खाणं जमतंय, तेही करा. कॅलरी मोजणं या दोन्हींबरोबर चालतं, किती वेळा खाताय हे काटा विचारत नाही.

स्टेप १०: वजन कसं बघायचं

सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, शक्यतो रोज. आणि रोजच्या आकड्याकडे दुर्लक्ष करायचं, फक्त आठवड्याची सरासरी बघायची. रात्री पापड-लोणचं जास्त झालं, उशिरा जेवलात, पोट साफ नाही, पाळी जवळ आलीय, तर एक-दीड किलो सहज वर दिसतं, ते पाणी आहे. बायकांनी तर एका आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी, मधल्या चढउतारात अर्थ नाही. आणि पहिल्या आठवड्यात जे दोन किलो धाडकन उतरतं तेही बरंचसं पाणीच, तेव्हा पेढे वाटू नका. महिन्यातून एकदा पोटाचा घेर मोजा, कधी कधी वजन जागच्या जागी आणि घेर दोन सेंटिमीटर कमी, असं होतं.

अडकलं तर

सरासरी तीन-चार आठवडे हललीच नाही तर लगेच कॅलरी कापायला जाऊ नका. आधी एक आठवडा परत पहिल्यासारखं सगळं तोलून बघा, दहातल्या आठ वेळा तेलाची पळी परत मोठी झालेली असते किंवा शनिवार-रविवार लिहायचा राहिलेला असतो. पाच दिवस ३०० कमी आणि दोन दिवस ७५० जास्त म्हणजे आठवड्याचा हिशोब शून्य, करून बघा गणित. सगळं बरोबर असेल तर मग सूत्रात नवीन वजन घालून आकडा परत काढा, वजन उतरलं की खर्चही उतरतो, मग शंभर कमी करा किंवा चालणं वाढवा.

चालण्याबद्दल एकच, ७० किलोच्या माणसाने पाच किलोमीटर चालल्यावर अडीचशेच्या आसपास खर्च होतात, आणि त्यातल्या काही तर घरी बसूनही झाल्याच असत्या. घड्याळ ४०० दाखवत असेल तर दाखवू दे. व्यायामाच्या कॅलरी ॲपमध्ये मिळवून "आज अजून ३५० खाता येतील" हे सेटिंग बंदच करून टाका. चालून येताना कट्ट्यावर पोहे-चहा घेणारे ग्रुप मी रोज बघते, गप्पांसाठी चालत असाल तर उत्तमच आहे, वजनासाठी असेल तर पोहे घरी येऊन खा.

किती दिवस मोजायचं

जन्मभर नाही. दोन-तीन महिने नीट केलं की नजर बसते, वाटी बघून कळतं, पोळी हातात घेऊन कळतं. मग फक्त तेल, तूप, कूट, साखर आणि बाहेरचं एवढंच लिहा, बाकी सोडा. आकडा चुकला म्हणून रडू येतंय, कुणाकडे जेवायला जायची भीती वाटतेय, असं व्हायला लागलं तर त्याच दिवशी ॲप काढून टाका आणि कुणाशी तरी बोला. घरातल्या लहान मुलांसमोर "यात किती कॅलरी आहेत माहितीये का" हे वाक्य वापरू नका, मुली तर फार लवकर उचलतात.

हवं तेवढं वजन आल्यावर एकदम जुन्या खाण्यावर उडी मारायची नाही. दर आठवड्याला दिवसामागे शंभर-दीडशे वाढवत जा, आधी भात-पोळीत, मग फळं-दाण्यांत, आणि सरासरी स्थिर झाली तिथे थांबा. वर दोन किलोची एक रेघ ठरवून ठेवा, सरासरी त्या रेघेला टेकली की काटा परत ओट्यावर आणा आणि दोन आठवडे फक्त तेल तोला, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.